भैरोबापुढे मागितलेला भलताच पाऊस

देव आपलं ऐकतो की नाही, याची मला तरुणपणी फार शंका होती. सोनईजवळच्या आमच्या खेड्यात मी लहानपणापासून आईबरोबर मारुतीला पाऊस मागत आलो, आणि मारुतीनं तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी दिला. कुणाला, ते नोकरी लागल्यावर कळलं. अकोले तालुक्याच्या पार टोकाला, कड्याखालच्या घनदाट रानातल्या एका गावात मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. आमच्या वाट्याचा सगळा पाऊस तिथं पडत होता.

पडत होता म्हणजे काय, थांबतच नव्हता. धोतर चुलीवर वाळवायचं, मग ते ओलं नाही पण धुरकट लागायचं. पुस्तकांना बुरशी, खडूला ओल. लोक जिवाला जीव देणारे. भात लावायचे, नागली करायचे, उन्हाळ्यात रानातला हिरडा गोळा करून विकायचे, आणि तरणी पोरं हातात काही उरलं नाही की जुन्नरकडे मजुरीला जायची. गावाच्या तोंडाशी एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा बसत नसत, पण पावसाळ्यात तो फुगला की गाव जगापासून तुटलं. पलीकडच्या वाडीतली माझी निम्मी शाळा चार महिने घरी बसायची. एखादं माणूस आजारी पडलं, तर बरं व्हायचं की नाही ते त्यानं अलीकडेच ठरवायचं.

माझी बायको एकदाच आली. एका धट्ट्याकट्ट्या गड्यानं तिला पाठुंगळी घेतलं, आमची लहानगी दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि मधोमध गड्याचा पाय घसरला. दोघं उठली, पण तिची ट्रंक जी गेली ती गेलीच. तिनं काठावर उभं राहून लुगडं पिळलं आणि मला सांगितलं, "अहो, या ओढ्यावर पूल होईल त्या दिवशी मी येईन. तोवर तुम्ही आणि तुमचं रान सुखानं नांदा!" उघडीप मिळताच ती माहेरी निघून गेली. मला फार वाईट वाटलं. पोरगी मला ओळखेनाशी होईल, या विचारानं घास उतरत नसे.

पुढच्या पावसाळ्यात निरोप आला की साकव, म्हणजे माणसं चालतील एवढा पूल, द्यायचा की नाही हे पाहायला एक साहेब येणार आहेत. आदल्या वर्षीही असेच येणार होते, पण पाऊस बघून अर्ध्या वाटेवरून परत गेले. आता मात्र उघडीप हवीच, म्हणून सगळं गाव देवराईतल्या भैरोबाकडे निघालं. गावाची चाल अशी की मागणं सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलायचं, आणि एकदा नारळ फुटला की शब्द मागे घ्यायचा नाही. देवाचं सगळं करणारे धोंडूबाबा मला म्हणाले, "मास्तर, औंदा तुमी बोला. तुमची भाषा पुस्तकाची हाय, देवाला नीट उमगंल."

मला मोठा मान वाटला. नारळ हातात घेतला, डोळे मिटले, आणि काय सांगू! डोळे मिटून, हात जोडून आजवर मी एकच गोष्ट मागितली होती. आईच्या मांडीवर पाठ झालेले शब्द आपसूक तोंडातून आले, "देवा, पाऊस पाड. भरपूर पाड. ओढे-नाले भरून वाहू देत!" आणि नारळ आपटला. तो मेला पहिल्याच फटक्याला फुटला.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "इथं काय कमी पडला हुता का रं बाबा?" मी दुसरा नारळ आणतो म्हणालो, तर धोंडूबाबांनी मान हलवली. "न्हाई. आता देव आन् तुमी बघून घ्या." त्या दिवसापासून मी रस्त्यानं निघालो की बायका पावसाचं पानांचं इरलं डोक्यावर घ्यायच्या.

आणि साहेब यायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं! गाव नाचलं. खरं सांगायचं तर मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जरासा रुसलोही, कारण देवानं माझं याही वेळी ऐकलं नव्हतं. साहेबांनी जीप पलीकडे ठेवली, बूट हातात घेतले आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आले. हसून म्हणाले, "मास्तर, याच्यावर साकव? अहो, हा तर माझी मुलगी उडी मारून ओलांडेल." उन्हानं घात केला होता. साहेबांनी आमच्याकडचा भात आणि खेकड्याचा रस्सा भुरकला, आणि हात धुवायला उठले तेव्हा कड्यावर काळोख झाला होता.

मग जो कोसळला! हां हां म्हणता ओढा काठाला लागला. धोंडूबाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लई येळ लावला, पर ऐकलं बरं का देवानं!"

साहेब अडकले ते अडकलेच. त्यांची पँट माझ्या चुलीवर, ते माझ्या धुरकट धोतरात. पलीकडून ड्रायव्हर ओरडायचा, इकडून साहेब ओरडायचे, आणि मधे ओढा दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडायचा. सिगारेटी भिजल्या, पोट बिघडलं, औषध पलीकडे जीपमध्ये. तेव्हा गावातल्या आजाऱ्यांची गोष्ट त्यांना कुणी सांगावी लागली नाही. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "चला, तुमचा देव दाखवा."

"नीट बोला हां सायेब," धोंडूबाबांनी बजावलं, "मास्तरागत करू नगा."

साहेबांनी हात जोडले. "देवा, मला सुखरूप घरी जाऊ दे. मी साकव बांधून देतो."

"कंदी?" देवाच्या वतीनं धोंडूबाबांनी विचारलं.

साहेब गडबडले. "या... या उन्हाळ्यात." शब्द पुरा होतो न होतो तोच धोंडूबाबांनी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. माणसानं शब्द पाळला, देव त्याचं भलं करो. उन्हाळ्यात साकव उभा राहिला. पावसाळ्यात पाऊस पडला यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे बापडा, मी वाद घालत नाही.

त्याच साली आमच्या सोनईकडे, बायकोच्या माहेरीही, दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला, गुरं छावणीत गेली. बायको ऐन पावसाळ्यात पोरीला कडेवर घेऊन आली, तेव्हा मी साकवाच्या अलीकडच्या टोकाला उभा होतो. आता ती मला दोन शब्द सुनावणार, म्हणून मी मान खाली घालूनच होतो. पण ती मधोमध थांबली, खाली बघू लागली, आणि मटकन तिथंच बसली. मी धावलो. वाटलं, घाबरली.

ती रडत होती. "अहो," ती म्हणाली, "हे एवढं पाणी... कुणाचंच नाही का हो?"

मी तिच्याशेजारी बसलो, पोरीनं माझं नाक धरलं, आणि खालून ओढा वाहत राहिला. तेव्हापासून मी देवाला काय द्यायचं ते सांगत नाही. नारळ वाढवतो आणि म्हणतो, बाबा, माझ्या बोलण्याकडे फारसं लक्ष देऊ नकोस. तुला कळतं तसं कर.