मॅडमचं अर्धायुष्य

राहुरीजवळच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथं शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीची काही मुलं मागं थांबायची. मुख्याध्यापकांनी क्वांटम भौतिकीवरचं एक पातळ मराठी पुस्तक आणलं होतं. ते मी मोठ्यानं वाचायचं आणि अडेल तिथं समजावून सांगायचं, असं ठरलं होतं. पालकांनीही बसावं असा त्यांचा आग्रह. मुलींना न्यायला आलेल्या आया सुरुवातीला दारातच उभ्या राहत. मग हळूहळू शेवटच्या बाकांवर येऊन टेकू लागल्या. गणिताचे सरही बसत. मला मात्र धास्ती असायची, कारण बीएस्सीला मी हा विषय पाठ करून पार केला होता.

अणू आपोआप फुटतात, ते प्रकरण मला आठवतं. मी तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्यांचं उदाहरण दिलं. कोणता दाणा आधी फुटेल सांगता येत नाही, पण निम्मे दाणे किती वेळात फुटतील याचा अंदाज येतो. अणूंच्या बाबतीत या निम्म्याच्या वेळेला पुस्तकात अर्धायुष्य म्हटलं होतं. दहावीतल्या एका मुलीला ते पटलं नाही. ज्वारीत एखादा दाणा ओला असतो, एखादा किडका, म्हणून तो मागं राहतो, असं तिचं म्हणणं. मग अणूंतही काहीतरी फरक असणारच. मी सांगितलं, नसतो. दोन अणू अगदी सारखे असतात, तरी एक आज फुटतो आणि दुसरा वर्षभर तसाच राहतो. आणि ते आधी कळावं अशी काही खूण त्याच्या आत नसते.

"म्हणजे कारणच नाही?" तिनं विचारलं.

"आजवर तरी सापडलेलं नाही," मी म्हणाले. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं.

पुढं काही दिवसांनी वेणी घालताना बोटांना मानेवर गाठ लागली. नगरच्या डॉक्टरांनी तपासून पुण्याला पाठवलं. थायरॉईडचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की उरलेल्या पेशी मारायला आयोडीन द्यावं लागेल, साधं नाही, किरणोत्सारी. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात आणि त्यातच मरतात. त्याचं अर्धायुष्य साधारण आठ दिवसांचं असतं, हेही त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होते. नवरा माझ्याकडं बघत होता, की ही शिक्षिका आहे, हिला कळतंय. कळत होतं म्हणूनच भीती वाटत होती. मला हे का झालं, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की बहुतेकांच्या बाबतीत कारण सांगता येत नाही.

घरी नवऱ्यानं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या कानात एकच शब्द राहिला. दुपारी मी भाजी निवडत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. "डॉक्टरांनी तुझं अर्धंच आयुष्य राहिलं म्हणून सांगितलं का गं?" त्यांनी विचारलं. मी समजावलं की ते औषधाचं आयुष्य आहे, माझं नव्हे. त्या हो म्हणाल्या, पण रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना मांडताना त्यांना रडू आवरलं नाही, आणि मग तोच शब्द सगळ्या मंडळीत गेला.

पुण्याच्या हॉस्पिटलात मला ज्या वेगळ्या खोलीत ठेवलं, तिचं दार जाड होतं. आयोडीनची गोळी शिशाच्या डबीतून आली. ती आणणारा माणूस डबी उघडून मागं सरकला आणि गिळा म्हणाला. गोळी अगदी साधी होती. तिला ना चव, ना वास. मी पाणी प्यायले आणि खोलीत एकटी राहिले. जेवणाचं ताट दाराशी ठेवून माणूस निघून जायचा. सकाळी एकजण किरणोत्सार मोजायचं यंत्र घेऊन यायचा, लांबूनच माझ्याकडं रोखून आकडा बघायचा. माझ्या अंगातून काहीतरी बाहेर पडत होतं, आणि मला त्यातलं काहीच जाणवत नव्हतं. मी ज्या अणूंबद्दल मुलांना उत्साहानं सांगितलं होतं, ते आता माझ्या मानेत होते. पुढचा कोणता फुटणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीकडं बघत मी ते प्रकरण आठवायचा प्रयत्न केला, पण एक ओळही आठवली नाही.

घरी सोडताना त्यांनी बजावलं की काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं. माझी मुलगी चौथीत. तिला सुप्याला, तिच्या काकांकडं पाठवायचं ठरलं होतं, पण मला बघितल्याशिवाय ती जायला तयार होईना. मी मागच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि ती अंगणात, पेरूच्या झाडाशी थांबली. खिडकीतून आम्ही बोललो. वर्गातल्या मुलांकडून तिनं काय काय ऐकलं होतं.

"मम्मी, तू फुटणार आहेस का?"

मी नाही म्हणाले. ती काकांच्या गाडीवर बसली तेव्हा मागं वळून बघत होती. मी खिडकीपासून आत सरकले, उगाचच, अंतर तर पुरेसं होतं.

शाळेतही भीती माझ्याआधीच पोचली होती. ज्या मुलांना मी किरणोत्सार शिकवला, त्यांनीच घरी सांगितलं की मॅडमनी तीच वस्तू गिळली आहे. मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांनी आडवळणानं विचारलं की रजा थोडी वाढवता येईल का, पालक विचारतायत. डॉक्टरांनी दिलेली मुदत तेव्हा संपत आली होती. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्यावर रागवावं असं वाटलं, पण मला राग आलाच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक बाई उभी दिसली. ती त्या दहावीतल्या मुलीची आई, शेवटच्या बाकावर बसणारी. आत ये म्हटलं तर आली नाही. फाटकाबाहेर राहूनच तिनं विचारलं, "आठ दिवसांत निम्मं जातं म्हनं. मग ऱ्हायलेलं निम्मं कवा जातं?"

मी ओट्यावर बसून सांगितलं. पुढच्या आठ दिवसांत राहिलेलं सगळं जात नाही, त्याचं निम्मं जातं, मग त्या उरलेल्याचं निम्मं. शिवाय लघवीवाटे बरंच आधीच निघून गेलंय. हिशेबात ते कधीच अगदी शून्य होत नाही, पण इतकं थोडं उरतं की जमिनीतून आपल्याला रोज जे किरण मिळतात, त्यांच्यापुढं ते काहीच नाही. तिनं मध्येच थांबवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. सांगता सांगता माझा स्वतःचा श्वास जरा संथ झाला.

"तुमाला भीती वाटती का?" तिनं विचारलं.

"वाटते. लई वाटते."

"मलाबी वाटती. पन सोमवारी पोरीला पाठवते," म्हणाली आणि गेली.

सोमवारी मी शाळेत गेले. पहिल्या बाकावरची दोन मुलं मागं जाऊन बसली होती. त्यांना तिथंच बसू दिलं. दहावीतली ती मुलगी पुढं होती. माझी मुलगी सुप्याहून परत आली, तरी माझ्या कुशीत शिरायला तिला आठवडा लागला. त्या आठवड्यात मीच तिच्यापासून हातभर लांब झोपत होते, गरज नसताना.

पहिला स्कॅन चांगला आला. वाचनाचा वर्ग पुन्हा सुरू झाला, आता पालक थोडे कमी येतात. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक काही निघणार नाही. बहुतेक या शब्दाचा अर्थ मी मुलांना नीट समजावू शकते. अजून रोज वेणी घालताना माझी बोटं मानेवर थांबतात, आणि मी आरशात बघत नाही.