बंद सर्व्हरवर आलेलं नाव

आधीच सांगते, माझा असल्या चमत्कारांच्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. घरात कुणी असं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. माझं कामच तसं आहे. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरून, डहाणूजवळच्या नरपडहून, सर्व्हरचे प्रोग्राम लिहिते. तुम्ही मोबाइलवर फॉर्म भरून बटण दाबता, ती रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचते. तिथला प्रोग्राम ती उघडून बघतो, माहिती जपून ठेवतो आणि तुम्हाला उत्तर पाठवतो. प्रत्येक रिक्वेस्टची वेळेसकट नोंद होते, तिला लॉग म्हणतात. काही बिघडलं की लॉग वाचायचा, कारण सापडतंच. इतक्या वर्षांत न सापडलेलं एकच आहे... ते इथे लिहितेय.

माझी मैत्रीण उर्मिला डहाणूच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. रक्तासाठी नातेवाइकांची होणारी धावपळ ती रोज बघते. तिच्यासाठी मी एक साधी वेबसाइट केली होती – डहाणू आणि तलासरीतल्या रक्तदात्यांची यादी. नाव, गाव, फोन, रक्तगट. बस, एवढंच.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी साडेदहाला मी त्या साइटचा सर्व्हर बंद केला, काही बदल करायचे होते. पावणेअकराला उर्मिलाचा फोन आला.

"ओ निगेटिव्ह कोण आहे गं तुझ्या यादीत?"

"दोघं आहेत. का?"

"कैनाड गावची मुलगी आहे, काल बाळंत झाली. रक्त फार गेलंय. एक पिशवी मिळाली, ती लावलीय. पण संध्याकाळपर्यंत दुसरी हवीच. रक्तपेढीवाले सगळीकडे विचारतायत."

त्या दोघांपैकी एक कामाला सुरतेला गेलेला, दुसऱ्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं, तीन महिने तरी तो परत देऊ शकत नव्हता. मला ते पाठ होतं. उर्मिलाला तसं सांगितलं. तिच्या मागून एक बाई विचारत होती, "मिळाला का वो सिस्टर?" ती त्या मुलीची आई.

सुरतवाल्याला निदान विचारून तरी बघावं म्हणून नंबरासाठी मी घाईघाईने सर्व्हर सुरू केला. अकराला पाच कमी होते. यादी उघडली तर ओ निगेटिव्हची तीन नावं. तिसरं होतं लाहनू, गावाच्या जागी तलासरीजवळचा एक पाडा. काल कुणीतरी फॉर्म भरला असेल असं वाटलं. लगेच फोन लावला.

"लाहनूदादा बोलताय? रक्तदात्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, म्हणून फोन केला."

"कसली यादी?"

"तुम्ही मोबाइलवर फॉर्म भरलात ना? रक्तगट ओ निगेटिव्ह..."

"ताई, माझा फोन बटनवाला हाय. आन माझा गट मलाच ठावा नाय. कधी तपासलाच नाय."

मला रागच आला, कुणीतरी थट्टा केली म्हणून. चुकून लागला म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "कोणाला पायजे रक्त?"

मी सांगितलं. त्याने कुणाला तरी हाक मारून काही विचारलं. मागे गवत कापणाऱ्यांचा आवाज येत होता.

"गवताचा टेम्पो निघतोय. चारोटीपर्यंत येतो मी. तुम्ही तिथं या."

"अहो दादा, तुमचा गट तो नसेलच बहुतेक. उगाच दिवस बुडेल तुमचा."

"नसला तर परत जाईन."

चारोटीच्या नाक्यावर एका हॉटेलसमोर तो उभा होता. चाळिशीचा, काटक, शर्टाला गवताची कुसळं चिकटलेली. रक्त देण्याआधी पोटात काही हवं म्हणून मी त्याला बळेच जेवायला लावलं. मग माझ्या स्कूटरवरून आम्ही डहाणूला निघालो. मला सारखं वाटत होतं, आपण एका आईला खोटी आशा दाखवायला चाललोय.

रक्तपेढीतल्या टेक्निशियनने त्याच्या बोटातून रक्त घेतलं, काचपट्टीवर थेंब टाकले, ढवळले, बघितलं. मग पुन्हा नव्याने थेंब घेऊन बघितलं.

"ओ निगेटिव्ह," तो म्हणाला.

लाहनूदादाने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे चालंल?"

मी हो म्हणाले आणि लगेच उर्मिलाला फोन लावला.

बाकीच्या तपासण्या होऊन संध्याकाळी ते रक्त त्या मुलीला चढलं. चौथ्या दिवशी ती बाळाला घेऊन खाटेवर बसली होती.

घरी येऊन मी लॉग उघडला. लाहनूदादाची रिक्वेस्ट त्याच दिवशी आलेली होती, दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी. सर्व्हर साडेदहाला बंद झाल्याची नोंद तिच्या वर, अकराला पाच कमी असताना सुरू झाल्याची नोंद खाली, आणि मध्ये ही एकटी ओळ. ती घ्यायला, तपासायला, लिहून ठेवायला प्रोग्राम चालूच नव्हता. शाळेला कुलूप असताना आतल्या पटावर कुणाची तरी हजेरी लागावी, तसं. रिक्वेस्ट कुठून आली तो पत्ता प्रत्येक ओळीत असतो, इथे ती जागा रिकामी.

ऑफिसमधल्या आमच्या सीनियरला दाखवलं. दोन दिवस तो त्यात डोकं घालून बसला. "पत्ता गायब होऊ शकतो, घड्याळ पुढेमागे होऊ शकतं," तो म्हणाला. घड्याळ तपासलं, ते बरोबर होतं. "आणि रक्तगट?" मी विचारलं. त्याने लॉग परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

पाड्यावर जाऊनही विचारलं. साइटचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नव्हतं. तिथे कधी रक्ततपासणी झाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. लाहनूदादाला मी बंद सर्व्हरचं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी बरी हाय ना आता?"

गेल्या महिन्यात उर्मिलाने त्याच पाड्यावर रक्तगट तपासायचं शिबिर लावलं. लाहनूदादा रांगेच्या तोंडाशी उभा राहून बायामाणसांना सांगत होता, "दुखत नाय, मुंगी चावल्यावानी." त्याची थोरली मुलगीही ओ निगेटिव्ह निघाली. दुपारपर्यंत यादीत खूप नावं वाढली. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या सगळ्यांचे फॉर्म मी स्वतः भरले.

लाहनूदादाचा कुणी भरला, ते मला अजूनही कळलेलं नाही.