पडद्यामागून शिकलेला मायाप्पा

सिनेमा काढायचा तर सिनेमाच्या शाळेत जावं लागतं का, हा प्रश्न आमच्या मैंदर्गीत मायाप्पाच्या आधी कुणाला पडला नव्हता. नंतरही कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही. मायाप्पाचा मात्र त्या प्रश्नापायी जीव टांगणीला लागला होता.

मी आणि मायाप्पा गावच्या शाळेत एकाच तरटावर बसून शिकलो. मी सातवीला थांबलो, तो मॅट्रिक झाला. त्याला वडील नव्हते. आई शरणम्मा, तिला हा एकटाच. पुढं आम्ही दोघं सोलापुरात अक्कलकोट रोडला बसलिंगप्पाच्या चादरीच्या कारखान्यात लागलो. मी मागावर आणि तो माग दुरुस्त करणारा जॉबर. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट.

आता त्याचं सिनेमाचं शिक्षण कसं झालं ते ऐका, कारण सगळी गंमत तिथंच आहे. मैंदर्गीच्या जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. पडदा मधोमध टांगलेला, पुढच्या बाजूला गडीमाणसं, मागच्या बाजूला बायका. कापड पातळ, त्यामुळं मागूनही चित्र दिसायचं, फक्त डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. मायाप्पा आईच्या मांडीला टेकून मागं बसायचा. मिसरूड फुटल्यावर बायकांनी त्याला हाकललं, पण तोवर शिक्षण पुरं झालं होतं. त्यानं पाहिलेला प्रत्येक नायक डाव्या हातानं जेवायचा आणि डाव्याच हातानं थोबाडीत द्यायचा. सिनेमातल्या पाट्यांवरची अक्षरं लागायची नाहीत. त्यावर त्याचं म्हणणं, हिंदी तशीच असती.

सोलापुरात आल्यावर त्यानं थेटरात समोर बसून पिक्चर बघितली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "हितला ऑपरेटर फिल्मची पट्टी उलटी घालतोय."

"अरं, उलटं तू बघत होतास. बायकांकडनं."

"तू पुढं बसून शेंगा खायचास. तुला सिनेमातलं काय कळतंय?"

मी शेंगा खायचो हे खरं होतं, म्हणून वाद तिथंच थांबला.

पुण्याच्या सिनेमाच्या शाळेची चाचणी द्यायची त्याच्या मनात होती. शरणम्मा म्हणायची, "बेडप्पा. पुणं नको. हितं काय कमी हाय?" बेड म्हणजे कानडीत नको. एकच गोष्ट ती दोन्ही भाषांत नको म्हणायची, म्हणजे किती नको ते बघा. मायाप्पाचं मन दोन्हीकडं. शाळेवाचून जमत असेल तर आईला एकटं टाकायचं कशाला? आणि जमत नसेल तर जन्मभर मागच दुरुस्त करायचे का?

तोडगा काढला बसलिंगप्पानं. तो म्हणाला, "मी चादर विणायला कुटल्या शाळेत गेलो होतो? मला एक जाहिरातीची पिक्चर काढून दे. मुंबईहून कॅमेरा आन् तो चालवणारा माणूस मी आणतो. लोकांस्नी आवडली तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई, हितंच ऱ्हायचं. न्हाई आवडली तर जा बाबा, शीक."

मायाप्पानं मान्य केलं. शरणम्मानं पिक्चर लोकांना आवडू दे म्हणून सिद्धेश्वराला नारळ बोलला.

गोष्ट साधी होती. घरात लग्न, जेवणावळ, मुलीला आहेरात चादर, आणि शेवटी नवरदेवाची म्हातारी आई ती चादर पांघरते. नट कारखान्यातलेच. कांड्या भरणारी राजाबाई नवरीची आई झाली आणि म्हाताऱ्या आईचं काम शरणम्मानं केलं, कारण तिच्याएवढं शांत बसणारं दुसरं कुणी नव्हतं. मायाप्पानं सगळ्यांना एकच सूचना दिली. जे करायचं ते डाव्या हातानं.

राजाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आहेर डाव्या हातानं? आमच्याकडं असं दिलं तर जावई मांडवातनंच परत जाईल."

"मावशी, सिनेमात तशीच रीत असती."

"मग सिनेमातली लग्नं टिकत न्हाईत ती उगीच न्हाई."

मुंबईच्या कॅमेरावाल्यानंही एकदा विचारलं. सोलापूरकडं असंच असतं असं त्याला सांगण्यात आलं. पाहुणा माणूस, त्यानं कॅमेरा लावला. मग सगळी पंगत डाव्या हातानं जेवली. मला वाढप्याचं काम होतं. डाव्या हातानं आमटी वाढणं अवघड असतं, एवढं सांगतो. अगदी शेवटी बसलिंगप्पा स्वतः चौकटीत शिरला आणि कारखान्याचं ठळक नाव असलेला चादरीचा डबा छातीशी धरून उभा राहिला. हे गोष्टीत नव्हतं, पण पिक्चर त्याची होती.

पहिल्यांदा ती एका थेटरात दुपारच्या खेळाला, मध्यंतरानंतर लागली. आम्ही सगळा कारखाना गेलो होतो. पंगत बसली आणि पुढच्या रांगेतनं आवाज आला, "समदं घर डावरं हाय की रं!" मग जे हसू फुटलं ते आहेर होईपर्यंत थांबेना. राजाबाईनं पदर तोंडावर घेतला. मग शरणम्मा आली. तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढली, डोळे मिटले. एवढंच. आणि थेटर एकदम गप्प झालं. माझ्या शेजारचा शेंगा सोलणारा माणूस सोलायचा थांबला. लगेच बसलिंगप्पा डबा घेऊन आला आणि लोक पुन्हा हसायला लागले.

मध्ये खेळ थांबवता येत नव्हता, नाहीतर बसलिंगप्पानं थांबवला असता. खेळ सुटल्यावर तो, मायाप्पा आणि मी ऑपरेटरच्या खोलीत गेलो.

मायाप्पा म्हणाला, "रोज उलटी घालता, आजच सुलटी का घातली?"

ऑपरेटरनं विडी बाजूला ठेवली. "उलटी? उलटी घातली तर आवाजच येत न्हाई. आवाजाची रेघ पट्टीच्या एका कडेला असती. बघायचंय?"

त्यानं पट्टी फिरवून घातली आणि रिकाम्या थेटरात पिक्चर दाखवली. सगळी मंडळी नीट उजव्या हातानं जेवली, आहेर उजव्या हातानं झाला. आवाज मात्र काहीच नाही. शेवटी बसलिंगप्पा आला, त्याच्या डब्यावरचं नाव उलटं.

"नाव सुलटं ऱ्हाऊ दे," बसलिंगप्पा म्हणाला. "हात काय, कुणाचेबी असतात."

मायाप्पा पट्टीच्या कडेकडं बघत होता. सोलापुरात आल्यापासून बघितलेल्या प्रत्येक पिक्चरला आवाज होता, हे तो मनात ताडून बघत असावा. जिना उतरताना मला म्हणाला, "म्हंजे मी जल्मभर मागनंच बघितलं."

"व्हय."

"मग आई आली तवा गप्प का झाले?"

ते मला सांगता येईना. बसलिंगप्पालाही येईना. तो म्हणाला, चादर चांगली हाय म्हणून.

घरी मायाप्पानं शरणम्माला सांगितलं, "अव्वा, जातो. जे येत न्हाई ते आज समद्या थेटरानं सांगितलं. ते शिकता येईल. पर जे येतंय ते का येतंय, हे हितं कुणालाच सांगता येईना."

शरणम्मानं चूल सारवून घेतली. मग म्हणाली, "लोक हसले ते मला आवडलं न्हाई. नीट शिकून ये." आणि कडक भाकऱ्या थापायला बसली. नारळ फोडायचा की नाही, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

चाचणीत तो पास झाला. स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. बसलिंगप्पा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "शिकून आलास की दुसरी पिक्चर माझ्या चादरीचीच."

"आधी गोष्ट बघू, मालक. गोष्टीला चादर लागत असली तर घेऊ."

"मग थंडीची गोष्ट घे की!"

"सोलापुरात थंडी कुटं असती?"

गाडी हलली. बसलिंगप्पा खिडकीबरोबर चालायला लागला. "माझा माल लई लांब जातोय," तो ओरडला, "काश्मीरची घे!"

मायाप्पानं खिडकीतनं मान हलवली, विचार करतो अशी.