नीलिमाच्या खुर्च्या पाहायला: आर. के. पुरम ते कीर्तीनगर

नीलिमाने तिच्या गच्चीचा फोटो पाठवला आणि रविवारी गुरुग्रामला जायचं मी ठरवलं. कौतुक म्हणून नव्हे, जळून.

नीलिमा माझी नागपूरची शाळेतली मैत्रीण. ती कॉर्पोरेटमध्ये वर चढत गेली, मी सरकारी फायली सांभाळत दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहिले.

जायला मेट्रोच बरी. हौज खासला गाडी बदलायची, शेवटचं स्टेशन गाठायचं, पुढे ऑटो. माझा ऑटोवाला दोनशेवरून दीडशेवर आला. मार्चची हवा छान होती, पण मला वाटेतला एकेक टॉवर डोळ्यांत खुपत होता.

चौदाव्या मजल्यावरच्या गच्चीत फोटोतल्या त्या दोन खुर्च्या होत्या. अॅल्युमिनियमची चौकट, राखाडी दोरीची वीण, पाय लांब करून पडता येईल इतक्या ऐसपैस. मी टेकले. पाठीला जे सुख लाभलं, त्याने आणखीच पोटात दुखलं.

"ऊन, पाऊस, धूळ, काही होत नाही यांना," नीलिमा म्हणाली. "बारा महिने बाहेरच असतात."

"आम्हीपण अशाच घेतोय," मी बोलून गेले.

"अच्छा? चल मग, आत्ताच! कीर्तीनगरच्या फर्निचर मार्केटात माझा ओळखीचा दुकानदार आहे."

रस्ता तासाभराचा. ती गाडी चालवत होती, मी सुटायची कारणं शोधत होते. मार्केटच्या तोंडाशी छोले-कुलचे घेतले. तुम्ही गेलात तर जरूर खा, कांदा जास्त मागून घ्या.

दुकानदाराने तसल्याच एका खुर्चीच्या गादीवर अख्खी बाटली पाणी ओतलं. सगळं ओघळून खाली. "बरसों बैठिए, मैडम. बाल्कनी कितनी बड़ी है?"

आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि कूलर ठेवल्यावर जेमतेम मी उभी राहते.

"नीलू, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "ही खुर्ची आमच्याकडे मावणारच नाही. तुझा फोटो पाहिल्यापासून जळतेय मी."

दुकानदार हळूच बाजूला झाला.

"माहीत होतं. तुझी बाल्कनी मी पाहिलीय की."

"मग इथवर आणलंस कशाला? फजिती करायला?"

"नाही गं. एरवी चहा प्यायलीस की निघतेस. म्हटलं, आज अख्खा दिवस मिळेल." ती म्हणाली, "आणि खरं सांगू? थोडं मिरवायचंही होतं."

मी काहीही न घेता मेट्रोने घरी आले.

हेवा गेला का? नाही. काल कपडे वाळत घालताना पुन्हा उसळला. तसाच फोन लावला. "नीलू, अजून जळतेय."

ती खळखळून हसली. "ये मग रविवारी. सकाळीच ये, जेवायलाच थांब."

मी हो म्हणाले.