बगल्याची जागा

बारागाड्यांच्या दिवशी भगताच्या उजव्या हाताला मी असायचो. आमच्या धरणगावकडे हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, वर माणसं चढतात आणि कमरेला दोर बांधून भगत त्या ओढतो. त्याला दोन्ही बाजूंनी धरतात ते बगले. माझा बापही बगल्या होता. मी चौथीसुद्धा पुरी केली नाही, पण या जागेमुळे सरपंच मला आधी रामराम घालायचा.

मग बचत गटाच्या बायांनी दारूविरुद्ध कंबर कसली. गावठीचे ड्रम नाल्यात ओतले, ते चांगलंच केलं. पण पुढे ठरवलं, की यंदापासून उजवी बाजू दारू सोडणाऱ्याला. देवाच्या कामाला चारचौघांत हात लावला की माणूस पुन्हा बाटलीला लावत नाही म्हणे. मान मिळाला आमच्या गल्लीतल्या गवंड्याला. त्याला मी स्वतः गटारीतून उचलून घरी आणलेलं आहे.

मी सभेत विचारलं, "मी जलमभर थेंब लिधा नही, मंग सोडू काय?"

मागून कोणी म्हणालं, "आबा, महिनाभर पी ल्या, मंग सोडा. पुढला साल तुमनाच नंबर."

सगळा गाव हसला.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी फाट्यावर दारूच्या दुकानासमोर बसू लागलो. गवंडी आत जाताना एकदा दिसला की पुरे, असं मनात. तो यायचाही, पण मला बघून माघारी वळायचा. मग एक दिवस त्याची बायको खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन आली. "आबा, तुम्ही तठे बठतस म्हनीसन मना नवरा नीट घर येस." मी पोळ्या ठेवून घेतल्या.

बारागाड्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला असतात. त्या सकाळी गवंडी दारात उभा, अंगाला हळद लावलेली. "आबा, भगतले कसा धरू? मी कधी धरेल नही."

मी गप्प बसू शकत होतो. पण भगत पडला असता, तर बदनामी त्या जागेची झाली असती. त्याला ओट्यावर घेतलं. मनगट धरू नको, काखेत खांदा घाल. भगत झुकला की मागे ओढू नको, तूही झुक. मलाच भगत समजून त्याने दोन-तीन फेऱ्या मारल्या.

गाड्या सुटल्या तेव्हा मला मानाने पहिल्या गाडीवर बोलावलं. मी गेलो नाही, लिंबाखाली उभा राहिलो. त्याचा पाय कुठे लटपटला नाही. देवळापाशी बायांनी त्याला ओवाळलं, आणि शेजारचा म्हातारा मला कोपर मारून म्हणाला, "अशी बगल आजलोंग कोनी धरेल नव्हती."

धरायची रीत माझी, नाव त्याचं. पण हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर गावाने मला दरसालच्या नव्या बगल्याचा मास्तर करून टाकलं असतं. मला मास्तर व्हायचं नाही. मला माझी जागा पाहिजे.