मावशीने बंद पाडलेला व्यायाम

माझी मावशी हॉस्पिटलात संख्याशास्त्रज्ञ आहे. कोणता उपचार खरंच लागू पडतो, हे ती आकड्यांवरून ठरवते, आणि त्याच शिस्तीने घरी आम्हाला वात आणते. मामाने एकच मत पुन्हा पुन्हा मांडलं की म्हणायची, "चारदा बोललास म्हणून चार माणसं होत नाहीत." हाताखालच्या पोरींना तर एकाला अनेक मोजण्याच्या याच चुकीवरून तिने रडवलेलं मी पाहिलंय. तेव्हा मला तिचा रागच यायचा.

आणि नेमकी तीच चूक तिच्या हातून झाली.

लकवा झालेल्यांच्या हातासाठी दोन व्यायाम होते, एक जुना, एक नवा. पेशंटचे दोन गट केले होते आणि दर आठवड्याला प्रत्येकाच्या मुठीची ताकद मोजली जायची. एकाच माणसाची मापं एकमेकांना धरून असणारच. म्हणून कोणती मापं कोणाची, हे हिशोबाचं मॉडेल मांडतानाच कॉम्प्युटरला सांगावं लागतं. घाईत मावशीचं ते राहून गेलं. कॉम्प्युटरने प्रत्येक माप म्हणजे वेगळा माणूस धरला. मूठभर पेशंटची गर्दी झाली आणि त्या गर्दीच्या जोरावर नवा व्यायाम सरस ठरला. जुना बंद झाला. तो वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या एका फिजिओंना हॉस्पिटलच्या तळघरात सामान सांभाळायला बसवलं.

पुढच्या कामासाठी जुनं मॉडेल उघडलं, तेव्हा मावशीच्या ते लक्षात आलं. दुरुस्त करून पाहिलं, तर फरक म्हणावा असं काही उरलंच नाही. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नव्या व्यायामाने कोणाचं वाईट तर झालं नाही ना, मग कशाला बोभाटा, असं आईने समजावलं.

"ताई, मला माझीच लाज वाटतेय गं," मावशी म्हणाली.

सकाळी तिने आधी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि मग तळघरात गेली. तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही सोबत गेले. फिजिओ एका कुबडीचं झिजलेलं रबर बदलत होते. मावशीने काही आडपडदा न ठेवता चूक सांगितली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते नुसते ते रबर हातात फिरवत राहिले.

"मॅडम, तुमचे आकडे म्हटल्यावर मी शंकाच घेतली नाही," ते म्हणाले. "जुन्या पेशंटच्या घरी जाऊन माफी मागून आलो. म्हटलं, तुमचा हात सुधारला नाही तो माझ्यामुळे."

मावशी तिथल्याच एका खोक्यावर बसली. मग म्हणाली, "त्या सगळ्यांच्या घरी मी येते तुमच्याबरोबर."

"या," ते म्हणाले. "पण त्यांतल्या एक आजी मागच्या महिन्यात वारल्या. मी माफी मागितली, त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या."