न्हाणीघरातला सतरा नंबर

बाळकुमच्या चंद्रभागेच्या न्हाणीघरात, नळाच्या जरा वर, भिंतीला सतरा नंबर होता. तोही उलटा. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की पाहुणा न्हाणीतून बाहेर येऊन गोंधळलेला दिसला, तरी का गोंधळलाय हे कोणाला कळायचं नाही.

तो नंबर मच्छीबाजारातला होता. तीस वर्षांपूर्वी जुना बाजार पाडला, तेव्हा चंद्रभागेचा नवरा गुणाजी फुटक्या ओट्यांच्या ढिगातून चार पाट्या धड टाइल्स घेऊन आला. पांढऱ्या, सहा इंची. त्यांतली एक खुद्द चंद्रभागेच्या ओट्याच्या दर्शनी भागावरची होती, तिच्यावर लाल रंगात १७. गुणाजीनं त्या सगळ्या स्वतःच्या हातानं न्हाणीला लावल्या. तो होड्या फार चांगल्या दुरुस्त करायचा. सतरा उलटा लागलाय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा सिमेंट वाळलं होतं.

"आंघोल करताना वाचतंय कोन?" तो म्हणाला.

चंद्रभागा वाचत होती. तीस वर्षं, रोज. त्यांतली शेवटची नऊ गुणाजीशिवाय.

बाजार पाडल्यावर ती माजिवड्याच्या नाक्यावर पाटी घेऊन बसू लागली. वर ऊन, खाली डांबर. आता वय सहासष्ट, आणि गुडघे त्याहून जुने वाटायला लागले होते. यंदा मच्छीवाल्या बायकांच्या संस्थेनं नवा बाजार बांधला. पत्र्याची शेड, नळ, कंबरेएवढे ओटे. जुन्या बाजारात जिचा ओटा होता तिला तोच नंबर मिळणार, मात्र पुरावा हवा. चंद्रभागेच्या सगळ्या पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या. २००५ च्या पुरात पेटी वाचली. आतल्या पावत्यांचा लगदा झाला.

त्याच महिन्यात तिच्या नातीचा, दक्षताचा, साखरपुडा ठरला. चंद्रभागेचा मुलगा केतन म्हणाला, "आये, पावने यायच्या आत बाथरूम करून घेऊ."

फोडायची सोय नव्हती. भिंत चार इंची, पलीकडे शेजारच्या सखारामचं स्वयंपाकघर. फोडलं असतं तर नळ सखारामच्या गॅसवर उघडला असता. म्हणून टिटवाळ्याहून महिपत मिस्त्री आला. त्यानं थापीच्या दांड्यानं जुन्या टाइल्स एकेक वाजवून बघितल्या, पोकळ आवाज आला त्या काढून टाकल्या आणि बाकीच्यांवर मशीननं आडवेतिडवे ओरखडे मारले.

"मावशी, गुळगुळीतावर काही धरत नाही," तो म्हणाला. "ओरखडे मारले, त्यावर केमिकल लावलं, की टाइलवर टाइल. एकदा सुकली की मलाही निघणार नाही."

नव्या टाइल्स राखाडी होत्या, दोन फुटी. सून हेमांगीनं पसंत केलेल्या. चंद्रभागेला त्या पावसाळ्यातल्या खाडीसारख्या दिसल्या.

तीन भिंती झाल्या. चौथीच्या दिवशी ती संस्थेच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी सुमेधा बीकॉम झालेली होती आणि सगळ्यांना अहो-जाहो करायची.

"मावशी, पावती नसेल तर दुसरं काहीतरी दाखवा. एखादी वस्तू. आणि ती ओळखणारी जुनी सभासद."

"आनि नुसती साक्ष?"

"नुसत्या साक्षीवर गेल्या महिन्यात एका ओट्याला पाच मालकिणी निघाल्या."

वस्तू. चंद्रभागा उठली आणि रिक्षा करून घरी आली. रिक्षात ती सहसा बसायची नाही.

महिपत हात धूत होता. चौथी भिंत राखाडी झाली होती.

"किती येल झाला लावून?"

"झाला अर्धा तास. कशी वाटतेय?"

"काढ."

महिपतनं हात पुसले. "मावशी, मी लावलेली टाइल काढा म्हणून आजपर्यंत कोणी सांगितलं नाही."

"आता मी सांगते. नलावरची काढ."

"अहो, काय चुकलंय?"

"काय नाय चुकलं. माजा ओटा हाय तिच्या मागं."

महिपतनं हेमांगीकडे बघितलं. हेमांगीनं काढ म्हणून मान हलवली. तिलाही आत्ताच कळत होतं, पण सासू रिक्षानं आली म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं तिनं ओळखलं. महिपतनं टाइलखाली पातळ पत्री घातली आणि जीव मुठीत धरून टाइल उचलली. आतून ओलं केमिकल आणि त्याखाली उलटा सतरा. त्यावर मशीनचे ओरखडे होते, पण वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी सुमेधा वही घेऊन आली. सोबत जुनी सभासद म्हणून रमाबाई.

चंद्रभागेचा चेहरा पडला. रमाबाईचा ओटा सोळा नंबर. दोघी तीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण एक चिंबोरी, खाडीतली खेकडी. ती रमाबाईच्या पाटीतून निघाली, चालत सतरा नंबरवर आली आणि चंद्रभागेनं ती विकली. त्यावर रमाबाईनं कोयती फेकून मारली, असं चंद्रभागा सांगायची. मी कोयती फेकलीच नाय, असं रमाबाई. बाजार त्याच साली पडला. भांडण मात्र उभंच राहिलं.

चौघी न्हाणीत मावत नव्हत्या, म्हणून हेमांगी दारात उभी राहिली. सुमेधानं मान तिरकी करून नंबर वाचला.

"सतरा आहे खरा. पण मावशी, ढिगातून टाइल कोणीही उचलू शकतं. ही तुमच्याच ओट्याची, हे कशावरून?"

चंद्रभागा नळाकडे बघत राहिली. उद्यापासून परत नाका.

रमाबाई वाकली. तिचेही गुडघे वाजले. टाइलच्या खालच्या कोपऱ्याचा कपचा उडालेला होता आणि तिथं गुणाजीनं सिमेंट भरलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हिचीच हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कोपरा गेलाय."

"कशानं गेला?"

नव्या नळातून एक थेंब पडला.

"कोयतीनं," रमाबाई म्हणाली.

"कोनाच्या?" चंद्रभागा म्हणाली. तीस वर्षांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

"माज्या."

"लिव गो सुमेधा. रमीनं कोयती फेकली."

"फेकली नाय. लागली."

"सोलावरून सतरावर आपोआप लागली?"

"चिंबोरी आली तशी आली."

सुमेधा पेन धरून उभी होती. "मावशी, एक काहीतरी सांगा. वहीत खाडाखोड चालत नाही."

चंद्रभागेनं रमाबाईकडे बघितलं. रमाबाई अजून वाकलेलीच होती. तिला आता उठता येत नव्हतं, हे फक्त चंद्रभागेच्या लक्षात आलं. तिनं हात पुढे केला आणि तिला वर ओढली.

"लिव, सुटली," चंद्रभागा म्हणाली. "हातातून सुटली."

रमाबाईनं खाली अंगठा दिला.

महिपतनं नवी टाइल कापून तिच्यात सहा इंची चौकोन पाडला आणि बसवली. सतरा नंबर आता कोनाड्यात असल्यासारखा दिसतो. "मावशी, सांगाल तर सरळ करून देतो," तो म्हणाला. चंद्रभागा नको म्हणाली. साखरपुड्याला मुलाकडचे काका न्हाणीतून बाहेर आले आणि केतनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बाकीची सोळा बाथरूमं कुठं आहेत.

नवा बाजार पुढच्या बुधवारी सुरू झाला. चंद्रभागेनं सतरा नंबरवर पाणी मारलं, निवट्यांचे वाटे लावले आणि शेजारी बघितलं. जुन्या बाजारात रमाबाई कोयती कायम डाव्या हाताला, सतराच्या बाजूला ठेवायची. आज तिनं ती उचलली आणि उजवीकडे, पंधरा नंबरच्या बाजूला ठेवली.

चंद्रभागेनं ते पाहिलं. मग तिनं सोळा नंबरवरच्या चिंबोऱ्यांची पाटी, जी जरा तिच्याकडे सरकली होती, दोन बोटांनी मागे ढकलली.